बसायला अठरा हजार जागा, खेळायला अकरा

डॅलसहून हायवे ७५ धरून उत्तरेला निघालं की आधी रिचर्डसन लागतं, मग प्लेनो, मग ॲलन. या पट्ट्यात आता आपली मराठी माणसं इतकी झालीयेत की गणपतीत पार्किंग मिळत नाही. कुणी पुण्याहून ट्रान्सफर होऊन येतं, कुणी न्यू जर्सीची थंडी आणि टॅक्स सोडून येतं, आणि आल्या आल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला, शाळेसाठी घर कुठे घ्यावं, ॲलन का फ्रिस्को का प्लेनो? मग रेटिंग, एपीचे (म्हणजे कॉलेजच्या पातळीचे) विषय, क्लास रँक यावर दोन दिवस चर्चा चालते. मी इथे चौदा वर्षं राहतेय आणि या प्रश्नाला मीही बऱ्याचदा उत्तर दिलंय, पण एक गोष्ट त्या चर्चेत कुणी विचारतच नाही, मीही विचारली नव्हती, ती म्हणजे या शाळेत माझ्या मुलाला खेळायला मिळेल का? जिंकणारी टीम आहे का असं नव्हे, त्याला स्वतःला, शाळेचा शर्ट घालून, मैदानावर उतरायला मिळेल का?

ॲलन हायस्कूलचं नाव ऐकलं नसेल तर थोडक्यात सांगते. ॲलन हे एक लाखाच्या वर वस्तीचं उपनगर आणि त्या अख्ख्या स्कूल डिस्ट्रिक्टला (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या हद्दीला) हायस्कूल एकच. नववीची मुलं वेगळ्या इमारतीत बसतात, दहावी ते बारावी मुख्य शाळेत, पण हिशोबाला शाळा एकच, आणि नववी ते बारावी धरून मुलं साडेसहा-सात हजारांच्या घरात. टेक्सासमधल्या सगळ्यात मोठ्या शाळांमध्ये तिचा नंबर लागतो. फुटबॉलमध्ये (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) राज्याची विजेतेपदं पाच, २००८, मग २०१२, २०१३, २०१४ अशी लागोपाठ तीन आणि पुन्हा २०१७. त्या मधल्या तीन वर्षांत टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा मुख्य खेळाडू, कायलर मरे होता, त्याने सुरुवात केलेल्या बेचाळीस मॅचेस आणि बेचाळीसही जिंकलेल्या, पुढे २०१८ ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची) आणि २०१९ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीमांच्या निवडीत, पहिला नंबर. कुस्तीतही शाळा तितकीच दादा, नावाजलेला कुस्तीगीर बो निकल इथलाच.

आणि स्टेडियम. २००९ साली ॲलनच्या मतदारांनी ११.९ कोटी डॉलरचा बाँड, म्हणजे शाळांसाठीचं कर्ज, पास केला, त्यातले जवळपास सहा कोटी एकट्या स्टेडियमला गेले. २०१२ च्या ऑगस्टअखेर ते उघडलं, पहिली मॅच साउथलेक कॅरोल या शाळेविरुद्ध. बसायच्या जागा १८,०००. २०१० च्या जनगणनेत ॲलनची वस्ती ८४ हजारांच्या आसपास होती, म्हणजे गावातला जवळपास दर पाचवा माणूस एकाच वेळी आत बसू शकेल एवढं स्टेडियम, तेही शाळेचं.

आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो ते शेजारच्यांच्या आग्रहावरून, शुक्रवारी संध्याकाळी, सप्टेंबर असूनही उकाडा होता. मला फुटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. पण मॅच सुरू व्हायच्या आधी बँड आत आला आणि मी उभीच राहिले. दोन-चार डझन मुलांचा बँड असेल असं डोक्यात होतं, ती रांग संपेचना. शेकड्यांनी मुलं, देशातल्या सगळ्यात मोठ्या शालेय बँडपैकी एक आहे तो, पांढरे सूझाफोन खांद्यावर घेतलेली पोरं घामाने निथळतायत, मागे ड्रमलाइन, आणि तो ठोका छातीत असा बसतो की मला लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथकासमोर उभं राहिल्यासारखं झालं. आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारे आजोबा होते, त्यांचा मुलगा या शाळेतला, नातू या शाळेतला, त्यांना प्रत्येक खेळाडूचा नंबर पाठ. त्या रात्री घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, गाव म्हणून काही असतं ना, ते आज दिसलं मला इथे. ते मी आजही म्हणते. पुढे जे लिहिणार आहे ते या लोकांच्या अभिमानाविरुद्ध नाही हे आधीच सांगून ठेवते.

या स्टेडियमवर टीका खूप झाली, देशभरातून झाली, आणि ती बहुतेक सगळी पैशांवर. शाळेच्या खेळासाठी सहा कोटी? शिक्षकांचे पगार वाढवा ना! ऐकायला बरोबर वाटतं पण टेक्सासमध्ये हे तसं चालत नाही. शाळेच्या प्रॉपर्टी टॅक्सचे दोन भाग असतात, एक रोजच्या खर्चाचा, त्यातून पगार होतात, आणि दुसरा कर्जफेडीचा, बाँडचे पैसे या दुसऱ्यातून फिटतात, आणि बाँडचा पैसा पगाराला वापरता येत नाही. तेव्हा स्टेडियम बांधलं म्हणून शिक्षकांच्या तोंडचा घास गेला असं म्हणता येणार नाही. त्या बाँडमध्ये स्टेडियमबरोबर परफॉर्मिंग आर्ट्सचं मोठं थिएटरही होतं. लोकांनी मतदान करून, बहुमताने, समजून-उमजून घेतलेला निर्णय तो. पुढे केटीने आणि शेजारच्या मकिनीने तर याहून महागडी स्टेडियमं बांधली.

२०१४ च्या सुरुवातीला मात्र या नव्याकोऱ्या स्टेडियमच्या काँक्रीटला तडे गेल्याचं निघालं आणि ते बंद करावं लागलं. तो अख्खा सीझन ॲलनची टीम स्वतःच्या घराबाहेर खेळली, दुसऱ्यांच्या मैदानांवर. आणि त्याच वर्षी सोळापैकी सोळा मॅचेस जिंकून राज्याचं विजेतेपद घेतलं! ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्टेडियम नव्हतं तरी टीम होती. मग ती टीम कशातून आली? चांगले कोच, लहानपणापासूनची तयारी, सगळं आहेच, पण त्याबरोबर एक साधा हिशोबही आहे, साडेसहा-सात हजार मुलांतून निवड. जेवढा ढीग मोठा तेवढा वरचा आंबा गोड, एवढं सोपं आहे ते.

माझा मुद्दा या हिशोबाशी आहे.

शाळा मोठी झाली की वर्ग वाढतात, शिक्षक वाढतात, बस वाढतात, कॅन्टीनमधली टेबलं वाढतात. एक गोष्ट वाढत नाही, ती म्हणजे शाळेच्या पहिल्या टीममधली जागा. दोन हजार मुलांच्या शाळेतही फुटबॉलचे अकराच उतरतात आणि सात हजारांच्या शाळेतही अकराच, डिफेन्सचे वेगळे धरले तर बावीस. बास्केटबॉलला पाच मैदानात, बाकावरचे धरून पंधराच्या आत. व्हॉलीबॉलचे सहा. यूआयएल, म्हणजे राज्यभरच्या शाळांच्या स्पर्धा घेणारी संस्था, दर दोन वर्षांनी शाळांची पटसंख्या मोजून गट पाडते, सगळ्यात मोठ्या शाळा सिक्स-ए मध्ये, जेणेकरून मोठ्या शाळेने लहान शाळेला चिरडू नये. शाळाशाळांमधल्या न्यायाची काळजी तिथे आहे. पण एकाच शाळेच्या आत, सात हजारांतल्या एकाला आणि दोन हजारांतल्या एकाला मिळणारी संधी सारखी आहे का, हे कुठेच मोजलं जात नाही.

आपले पालक ज्या क्लास रँकसाठी जीव टाकतात ना, तिथे हा प्रश्न येत नाही बघा. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांना वर्गातल्या वरच्या ठराविक टक्के मुलांना प्रवेश द्यावा लागतो, ऑस्टिनच्या यूटीचा (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचा) टक्का बाकीच्यांपेक्षा कमी आहे पण तरी तो टक्काच. शाळा मोठी असली की त्या टक्क्यात बसणारी मुलंही जास्त. अभ्यासाची जागा शाळेबरोबर वाढते. खेळाची वाढत नाही. आणि तरी आपण घर घेताना पहिलीची चौकशी करतो आणि दुसरीची करत नाही.

शेजारच्या फ्रिस्कोने याच्या बरोब्बर उलट केलं. तेही झपाट्याने वाढलेलं गाव, पण त्यांनी धोरणच ठेवलं की हायस्कूल साधारण २,१०० मुलांच्या वर जाऊ द्यायचं नाही, भरलं की दुसरं काढायचं. असं करत करत त्यांची बारा हायस्कूलं झाली. प्रत्येक शाळेला स्वतंत्र मोठं स्टेडियम बांधत बसले नाहीत, शाळा एकमेकांत वाटून वापरतात, डॅलस काउबॉईज या व्यावसायिक फुटबॉल टीमच्या फोर्ड सेंटरमध्येसुद्धा त्यांच्या मॅचेस होतात. आता हिशोब करा, फ्रिस्कोत साधारण दर २,१०० मुलांमागे एक फुटबॉल टीम, एक मुलींची बास्केटबॉल टीम, एक व्हॉलीबॉल टीम, एक बँड, एक नाटकाचा मुख्य रोल. ॲलनमध्ये त्याच एका जागेसाठी तिपटीहून जास्त मुलं. फ्रिस्कोच्या शाळांना ॲलनसारखं दबदब्याचं नाव नाही हे खरंय, बहुतेक शाळा खालच्या फाइव्ह-ए गटात खेळतात. पण ज्या मुलीला ॲलनमध्ये सातवी-आठवी रिझर्व्ह म्हणूनसुद्धा घेतलं नसतं ती तिथे कॅप्टन असते. नाव गावाला मिळतं, खेळ मुलीला मिळतो. मला विचाराल तर दुसरं जास्त मोलाचं.

शाळा वाटली की नाव जातं ही भीती या भागात उगाच नाही आलेली. प्लेनोचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. प्लेनो सीनियर हायने फुटबॉलची सात राज्य विजेतेपदं घेतली, शेवटचं १९९४ ला. १९८१ मध्ये प्लेनो ईस्ट निघाली, १९९९ मध्ये प्लेनो वेस्ट, आणि त्या तिसऱ्या शाळेनंतर एकही नाही. अर्थात ईस्ट निघाल्यावरही १९८६, १९८७ आणि १९९४ अशी तीन आली होतीच, तेव्हा सगळं खापर वाटणीवर फोडता येणार नाही, गाव म्हातारं होतं, तरुण कुटुंबं उत्तरेला सरकतात, हेही आहे. आणि साउथलेक कॅरोल घ्या, तीच शाळा जी ॲलनच्या स्टेडियममध्ये पहिली मॅच खेळायला आली होती, तिची मुलं ॲलनच्या निम्म्याहूनही कमी आणि राज्य विजेतेपदं आठ. म्हणजे नाव कमवायला सात हजार मुलं एका छपराखाली लागतातच असंही नाही.

आता माझं स्वतःचं सांगते, शाळेचं नाव घेत नाही कारण ही काही एका शाळेची तक्रार नाही, या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या शाळेत हेच घडतं. माझा मुलगा बास्केटबॉलवेडा. तिसरीपासून ड्राइव्हवेमधल्या हूपवर अंधार पडेपर्यंत खेळायचा, बॉलच्या आवाजाने माझं डोकं उठायचं. शाळेत ट्रायआउट, म्हणजे टीमसाठीच्या निवड चाचण्या, झाले, दोन दिवस, सकाळी सहाला सोडायला जायचे मी. छातीवर सेफ्टी पिनने कागदी नंबर लावलेला, ६३. निकाल रात्री शाळेच्या पेजवर लागणार होता, नावं नाहीत, फक्त नंबर. जेवणाच्या ताटावर बसून हा फोन रिफ्रेश करतोय, पोळी तशीच, आणि लागला एकदाचा. ५८, ६१, ६७. तो काही बोलला नाही, परत वरपासून खालपर्यंत वाचलं त्याने, मग परत. मग मला म्हणाला, आई, साठ-सत्तर जण होतो आम्ही, कोचने मला एकदाच बघितलं. त्याची तक्रार नव्हती ती, तो नुसतं सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मी खिडकीतून बघितलं तर तो कागद, ६३, त्याने हूपच्या खांबाला टोचून ठेवला होता.

कोचचा काय दोष? साठ-सत्तर मुलं, दोन दिवस, बारा जागा. तो तरी काय करणार. आणि निवड झालेल्यांमध्ये बहुतेक सगळी मुलं आधीपासून बाहेरच्या क्लबमध्ये खेळणारी, ज्याचे वर्षाला काही हजार डॉलर आईबाप भरतात, शनिवार-रविवार गाड्या चालवत दुसऱ्या गावांना नेतात. म्हणजे शाळा सरकारी, टॅक्स सगळ्यांचा, मैदान सगळ्यांचं, पण टीममध्ये जायची शिडी खाजगी. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. शाळा जितकी मोठी, जितकं नाव मोठं, तितकी ही शिडी उंच, कारण कोचला शिकवून तयार करायला वेळच उरत नाही, त्याला तयार मुलं निवडायची असतात.

समोरून जे म्हटलं जातं त्यात तथ्य आहे, ते टाळून चालणार नाही. फुटबॉलमध्ये सहसा कुणाला कापत नाहीत, नववीची ए टीम, बी टीम, मग जेव्ही (म्हणजे मुख्य टीमखालची दुसरी टीम), अशा पायऱ्या असतात. ट्रॅक आणि क्रॉस कंट्रीतही बऱ्याच ठिकाणी पळायची तयारी असेल त्याला घेतात. मोठ्या शाळेत जे कोर्सेस मिळतात ते लहान शाळेला परवडत नाहीत, ॲलनचं स्टीम सेंटर (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, कला, गणित यांचं केंद्र) बघितलं तर कुणालाही वाटेल आपलं मूल इथे शिकावं. एक गाव एक शाळा यात श्रीमंत वस्तीची शाळा आणि गरीब वस्तीची शाळा असा भेद होत नाही, ही तर फार मोठी गोष्ट आहे, आणि फ्रिस्कोत दर दोन-तीन वर्षांनी नवी हद्द आखताना मुलांना मित्र सोडून दुसऱ्या शाळेत जावं लागायचं, ते दुःखही मी मैत्रिणींच्या घरात बघितलंय. शिवाय ॲलनमध्ये आता पटसंख्या कमी होतेय, प्राथमिक शाळा बंद करायची वेळ आली, अशा वेळी दुसरं हायस्कूल काढा म्हणणं व्यवहाराला धरून नाही.

म्हणून मी शाळा फोडा म्हणत नाहीये. टीम वाढवा म्हणतेय.

आम्ही सांगली जिल्ह्यात शिकलो. आमच्या शाळेत काही मोठं मैदान नव्हतं, फुफाट्यात खो-खो खेळायचो, दोन खांब आणि चुन्याची रेघ. शाळेची टीम एकच, तालुक्याला जाणारी, त्यात मी कधीच नव्हते. पण स्नेहसंमेलनाच्या आधी वर्गावर्गांचे सामने व्हायचे. आठवी अ, आठवी ब, आठवी क, आठवी ड, प्रत्येक तुकडीची टीम, मुलींची वेगळी मुलांची वेगळी. म्हणजे एका इयत्तेत मुलींच्या चार टीम, नऊ नऊ जणी मैदानात. मी आठवी ड ची. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो पण मी एकीला सूर मारून बाद केलं होतं, गुडघ्यावरचा व्रण अजून आहे, आणि अख्खी ड तुकडी ओरडत होती माझ्या नावाने. त्याला एक पैसा खर्च नव्हता. एक पीटीचे सर आणि एक शिट्टी.

अठरा हजार माणसांचं स्टेडियम ज्यांना बांधता येतं त्यांना हे अशक्य आहे का? स्टेडियमवर शुक्रवारी मॅच असते, ती पण घरची असेल तेव्हाच. आठवड्याचे बाकीचे दिवस, शनिवारची सकाळ? मोठ्या शाळेने स्वतःच्या आतच एक लीग चालवावी, सात हजार मुलांत बास्केटबॉलच्या पन्नास टीम सहज होतील, कोच म्हणून पालक उभे राहतील, आपल्यातलेच किती जण राहतील. ट्रायआउटला न निवडलेल्या मुलाला दुसऱ्याच दिवशी तिथे नाव देता आलं पाहिजे. आणि क्रिकेट का नको? ते यूआयएलच्या खेळांत नाही, ठीक आहे, शाळेच्या आतल्या लीगला यूआयएलची परवानगी लागत नाही. जून २०२४ मध्ये इथून जवळच ग्रँड प्रेरीला अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं, सुपर ओव्हर टाकणारा आपला मुंबईचा सौरभ नेत्रवलकर, त्या रात्री या पट्ट्यातली किती पोरं झोपलीच नाहीत. त्यांच्या शाळेत साधी मॅटिंगची पिच नाहीये.

बँड हे करतो ना! तोच बँड, जो बघून मी उभी राहिले होते. तिथे शेकडो मुलं मावतात, चांगलं वाजवणारं पुढे, शिकाऊ मागच्या रांगेत, पण मैदानावर सगळी. ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात, पार्किंग लॉटवर यार्डाच्या रेघा मारून, गॅलनचा पाण्याचा जग शेजारी ठेवून तासन्‌तास चालायची प्रॅक्टिस करतात ती पोरं, आणि शुक्रवारी रात्री अठरा हजार लोक त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवतात. शाळेचं नाव त्याने कमी झालं का? उलट ॲलन म्हटलं की लोक टीमच्या बरोबरीने बँडचं नाव घेतात. म्हणजे जास्त मुलांना सामावूनही नाव होतं, हे त्याच शाळेने त्याच मैदानावर दाखवून दिलंय.

शाळेच्या खेळात राज्याने हात घालायचा नाही असंही काही नाही. १९८४ मध्ये टेक्सासने नो पास नो प्ले कायदा केला, विषयात सत्तर मार्क नाहीत तर मैदानावर नाही, तेव्हा कोच लोकांनी आकाशपाताळ एक केलं होतं, फुटबॉल संपणार म्हणाले. संपला नाही. तसंच आता प्रत्येक मोठ्या डिस्ट्रिक्टला दरवर्षी दोन आकडे छापायला लावा, प्रत्येक खेळात ट्रायआउटला किती मुलं आली आणि किती ठेवली. बस एवढंच. पुढच्या वेळी बाँडसाठी मत मागायला येतील तेव्हा स्टेडियमच्या चित्राशेजारी ते दोन आकडे असू देत, मग लोकांना काय बांधायचंय ते लोक ठरवतील.

यात आपला वाटा काय, तर आपण फारसे बोलत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना मत देता येत नाही हे खरं, पण प्रॉपर्टी टॅक्स आपण भरतोच, आणि स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये आधी नाव नोंदवून कुणालाही बोलता येतं, सिटिझन असावंच लागतं असं नाही. काही मिनिटं मिळतात, समोर माइक असतो, बोर्डाचे मेंबर ऐकून घेतात. क्लास रँकची पॉलिसी बदलायची बातमी आली की आपले लोक बरोबर तिथे पोचतात, मी बघितलंय, खुर्च्या कमी पडतात. खेळासाठी मी अजून आपलं कुणी उभं राहिलेलं बघितलं नाही.

आमच्या डिस्ट्रिक्टच्या पुढच्या महिन्याच्या मीटिंगसाठी मी नाव द्यायचं ठरवलंय. मुलाला विचारलं, तुझं सांगू का तिथे, चालेल? थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, माझं नाव नको, नंबर सांग.